चोपन्न किलो

जिनिंगच्या काट्यावर मी रात्री बसतो,
आठ ते आठ.
कॉम्प्युटर दिवाळीपासून बंद आहे,
खिडकीवर नुसते लाल आकडे पेटतात,
मी पाहतो आणि चिट्ठीवर उतरवतो.
कोणीही करील असं काम,
असं मॅनेजर बुरडकर म्हणतात.

बाहेर डांबरी रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग,
मेटाडोर, पिकअप, मधूनच एखादी बंडी,
बैल रवंथ करता करता झोपलेले.
मला त्यांचा हेवा वाटतो.
रेचे रात्रभर घरघरतात,
रुईचे तंतू पापण्यांना येऊन चिकटतात,
आणि डोळे उघडे आहेत की मिटले
हे आपलं आपल्याला कळत नाही.

सकाळी घरी. पत्रे तापायच्या आत निजायचं,
पण नळावर भांडण, पोराची शाळा,
आणि बायकोची शिलाई मशीन,
तिलाही लग्नातले ब्लाउज द्यायचेच असतात.
मग दारातून कोणीतरी विचारतं,
'निजलाच का अजून? दिवस डोक्यावर आला!'
दिवसा निजणारा माणूस गावात
आळशी, नाहीतर बेवडा, नाहीतर आजारी.
मी तीन तास निजतो. कधी अडीच.
अशा सतरा रात्री झाल्या. मोजल्यात.
मोजताना एखादी सुटलीही असेल.

त्यातल्याच एका रात्री, तीन वाजून गेल्यावर
सावंगीच्या कौसल्याबाई आत्राम आल्या,
पोरगा गाडी चालवत होता, त्या शाल गुंडाळून पुढं बसलेल्या.
मी आकडा पाहिला, लिहिला.
रिकामी गाडी परत आली, तेही लिहिलं, वजाबाकी केली.
चिट्ठी घेताना त्या म्हणाल्या,
'डोये कसे लाल झाले रे बाबू तुहे, निजत नाई का?'
आणि खिडकीतून मूठभर उकडलेल्या तुरीच्या शेंगा दिल्या.
कोमट होत्या. मी सालासकट चावल्या असाव्यात.

मग प्रेसचा पट्टा तुटला.
यवतमाळहून माणूस यायला दोन दिवस लागणार होते.
मी बहिणीच्या गावी गेलो,
गोठ्यामागं कुटाराच्या ढिगाशी गोधडी टाकली
आणि मेलो.
चौदा तास. भाची दोनदा नाकाशी बोट धरून गेली म्हणे.

पहाटे कुठंतरी
काळोखात लाल आकडे पेटले,
खिडकीवर होते तसेच, संथ, एकेक.
तीन. दोन. सहा. शून्य.
मी उठून बसलो.
चिट्ठीवर मी तीन दोन शून्य सहा लिहिलं होतं.

बत्तीसशे साठ. बत्तीसशे सहा.
एवढंसं शून्य इकडचं तिकडं झालं,
आणि चोपन्न किलो कापूस
हवेत विरून गेला.
सतरा रात्री उघड्या डोळ्यांना जे दिसलं नाही
ते मिटलेल्यांना दिसलं.

बुरडकर म्हणाले, 'सोडून दे, ती काय मोजते?'
मग म्हणाले, 'वजन वाढवलं तर माल कुठून दाखवू?'
मग म्हणाले, 'तुझ्या पगारातून देशील?'
मी हो म्हणालो. बायकोला अजून सांगितलं नाही.
सावंगीला सायकलनं गेलो.
कौसल्याबाईंनी पैसे मोजले, परत मोजले,
म्हणाल्या, 'मले वाटलंच होतं, पन तू निजेत होता.'
रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं.

आता मी गाडीवाल्याला म्हणतो,
आकडा तू वाच, मोठ्यानं, मी लिहितो.
रांग लांबते. मागचे हॉर्न मारतात.
बुरडकर म्हणतात, काम संथ झालं तुझं.
काल साडेतीनला एक जण वाचता वाचता
सत्तावीसशेवर अडकला, मान खाली गेली,
आणि मीही पेन टेकवून थांबलेलो
त्या सत्तावीसशेवरच.
हमालानं येऊन दोघांनाही हलवलं.
चहा सांगितला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.